एकोणीस वर्षं विणते आहे, तरी आजीसारखी वीण का येत नाही?

ताई, मी २९ वर्षांची आहे, नागपुरात मानेवाड्याला राहते, नोकरी करते. दहा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत आजीने मला दोन सुयांवर विणायला शिकवलं. तेव्हा ती इतवारीत राहायची. आता ८३ वर्षांची आहे आणि आमच्याजवळच असते. एकोणीस वर्षांत मफलर, टोप्या, बाळांचे मोजे किती केले त्याची गणती नाही, पण आजीच्या स्वेटरांसारखी सारखी वीण मला अजून येत नाही. आजी धागा उजव्या हाताने टाकते. तसं विणलं की माझ्या उलट ओळी सैल पडतात. व्हिडिओ पाहून धागा डाव्या हातात धरायला लागले, तर हात भरभर चालतो पण टाके पिळल्यासारखे दिसतात. फोटो पाठवते आहे. मागच्या वर्षी एका अमेरिकन व्हिडिओवरून भाच्याचा स्वेटर केला. त्यांनी सांगितली तीच ८ नंबरची सुई घेतली, टाकेही तेवढेच घातले, तर तो त्याच्या डोक्यातूनच जाईना. आजीला दाखवायला गेले तर म्हणाली, "आता त्या व्हिडिओवाल्या बाईलेच विचार." तिच्या हातांना कंप आहे, दोन वर्षांपासून तिने सुया धरलेल्या नाहीत. या हिवाळ्यात तिच्या अंगावर माझ्या हातचा स्वेटर असावा असं फार वाटतं. पण ती एकेक टाका पाहील, या भीतीने मी लोकरही आणलेली नाही. आजीची पद्धत सोडून द्यावी का? आणि इतकी वर्षं होऊनही माझा हात का सुधारत नाही?

— एक वाचक, मानेवाडा

तुझा फोटो मोठा करून मी बराच वेळ पाहत बसले होते. आधी त्याबद्दलच बोलते, कारण तुझ्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

टाके पिळलेले आहेत हे खरं, पण सगळे नाहीत. एक ओळ सोडून एक ओळ पिळलेली आहे, आणि मधल्या ओळी अगदी स्वच्छ आहेत. हात वाईट असता तर चूक कुठेही, कशीही झाली असती. इतकी शिस्तीत चूक होते तेव्हा ती एकाच कारणाने होत असते. सुईवरचा टाका नीट बघ. दोरीवर वाळत टाकलेल्या पायजम्यासारखा तो असतो, एक पाय अलीकडे, एक पलीकडे. आजीच्या पद्धतीत प्रत्येक टाक्याचा उजवा पाय अलीकडे येतो आणि पुढच्या ओळीत सुई त्याच पायातून जाते. तू डाव्या हातात धागा धरून उलट टाका घेतेस तेव्हा धागा सुईच्या वरून फिरवण्याऐवजी खालून ओढून घेतेस. ते सोपं जातं, बोट आपोआप तिकडे जातं. पण त्यामुळे टाका उलटा बसतो, डावा पाय अलीकडे येतो. मग सुलट ओळीत आजीने शिकवलेल्या सवयीने तू अलीकडच्याच पायातून सुई घालतेस आणि टाका पिळतो. उलट ओळ व्हिडिओची आणि सुलट ओळ आजीची, असं मिश्रण झालं आहे. दोघींपैकी कुणाचंही चुकलेलं नाही.

यावर इलाज दोन आहेत. एक म्हणजे उलट ओळीत धागा वरूनच फिरवायचा. दुसरा मला तुझ्यासाठी जास्त योग्य वाटतो. उलट टाका तू घेतेस तसाच घे आणि सुलट ओळीत पलीकडच्या पायातून सुई घाल. पीळ जाईल. शिवाय खालून घेतलेल्या उलट टाक्याला धागा थोडा कमी लागतो, म्हणून उलट ओळी सैल पडण्याची तुझी जुनी तक्रारही बरीचशी मिटेल. फक्त मुंढ्याला आणि गळ्याला दोन टाके एकत्र विणताना सांभाळ. तिथे टाका कुठल्या बाजूला झुकतो हे पायांवर ठरतं, म्हणून ते दोन टाके आधी सुईवर फिरवून सरळ बसवून घे आणि मग एकत्र विण. सगळी ओळ संपेपर्यंत मनात एवढंच धर, की अलीकडे कुठला पाय आहे ते पाहायचं आणि पीळ पडणार नाही त्या पायातून सुई घालायची.

आजीची पद्धत तुला सोडायची नसेल, तर तीही धर. उजव्या हाताने धागा टाकणाऱ्या पुष्कळ चांगल्या विणणाऱ्यांच्या उलट ओळी सैल पडतात आणि मागच्या बाजूला दोन-दोन ओळींनंतर नाली पडल्यासारखी दिसते. त्यांनी उलट ओळीसाठी एक नंबर बारीक सुई घ्यावी. म्हणजे सुलट ओळ ८ नंबरवर आणि उलट ओळ ९ नंबरवर. नाली भरून येते.

भाच्याच्या स्वेटरबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या सुयांवरचे नंबर जुन्या इंग्रजी मापाचे आहेत. त्यात नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं आहे, नंबर वाढला की सुई जाड होते. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, त्यांची ८ नंबरची ५ मिलिमीटरची. गंमत म्हणजे त्यांची ६ ती आपली ८ आणि आपली ६ ती त्यांची ८. तू मिलिमीटरने बारीक सुई घेतलीस, टाके मात्र जाड सुईचे घातलेस, मग स्वेटर लहान होणारच. यापुढे व्हिडिओ कुठलाही असो, नंबर विसर आणि मिलिमीटर विचार.

आता तुझा मोठा प्रश्न. एकोणीस वर्षं झाली तरी हात का सुधारत नाही?

माझं बालपण महालातलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक झाली की माझी आजी लोकरीचं गाठोडं खाली काढायची. आठ वर्षांची होते तेव्हा तिने मला सुलट टाका शिकवला, दुसऱ्या वर्षी उलट. पुढची बारा-तेरा वर्षं मी विणत होते, पण विणायचे ते ती सांगेल तसं. "आता कमी कर" म्हणाली की कमी करायचं, "आता बंद कर" म्हणाली की बंद करायचं. टाका सुटला की उठून तिच्या हातात द्यायचा. मी तोंडाने मोजत असायचे आणि ती म्हणायची, "नुस्ती मोजत काय राहिली, पाह्य नं त्याच्याकडे." काय पाहायचं ते मला कळत नसे, आणि तिला ते सांगता येत नसे.

मग ती गेली. माझ्या वडिलांसाठी घेतलेला स्वेटर अर्धा राहिला होता. पाठ, पुढचा भाग आणि एक बाही तयार होती. दुसऱ्या बाहीची नुसती बॉर्डर सुयांवर होती. कागदावर एक अक्षर नव्हतं. तेरावं झाल्यावर मी तो स्वेटर मांडीवर घेतला आणि पहिली बाही बोटांनी चाचपत खालून वर वाचत गेले. कुठे काठाला टाका वाढला आहे? दोन वाढींमध्ये किती ओळी आहेत? सहा, परत सहा, परत सहा. कोपराच्या वर आठ. मुंढ्याला आधी चार टाके बंद केले आहेत, मग एक ओळ सोडून एकेक कमी. त्या बाहीत आजी बोलत होती आणि पहिल्यांदा मला ते समजत होतं. दुसरी बाही तशीच विणून झाली. बारा वर्षांत जेवढं आलं नाही, तेवढं त्या तीन आठवड्यांत आलं.

तुझंही तिथेच अडलं आहे, असं मला वाटतं. तुला विणता येतं, वीण वाचता येत नाही. यात तुझा दोष नाही. दहा वर्षांच्या मुलीला आजी टाका शिकवते, वाचायचं काम ती स्वतःकडे ठेवते. आणि मफलर ही वस्तू अशी आहे, की त्यात वाचण्यासारखं फारसं नसतं. तू एकोणीस वर्षं मफलर केलेस, म्हणजे पहिल्या दोन वर्षांत जे आलं तेच पुढची सतरा वर्षं घोटलंस. हाताला वेग आला, पण डोळ्याला कामच मिळालं नाही.

वाचायला शिकण्याची सुरुवात सुटलेल्या टाक्यापासून कर. टाका सुटला की तू बहुतेक ओळीच्या ओळी उसवत असशील. मफलरवाल्या बहुतेकजणी तेच करतात. उसवू नकोस. मुद्दाम एक टाका सोड आणि दहा ओळी खाली घरंगळू दे. शिडीसारख्या आडव्या पायऱ्या दिसतील. त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे एका ओळीचा धागा. क्रोशाची सुई घे, खालच्या फासात घाल, पहिली पायरी ओढून बाहेर काढ, मग दुसरी, मग तिसरी. दहाव्या पायरीला टाका परत सुईवर. हे चार-पाच वेळा केलंस की चुकीची भीतीच मरते, कारण चूक ओळीत नसते, एका उभ्या रेषेत असते आणि तिथल्या तिथे दुरुस्त होते हे हाताला कळतं. अवघड भाग सुरू करण्याआधी एका ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून शिवणीचा वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेव. उसवावंच लागलं तर वीण त्या दोऱ्यावर येऊन थांबते.

आणि एक गोष्ट कुणीतरी तुला आधीच सांगायला हवी होती. तू सुयांवरून आत्ता उतरलेली तुझी वीण आजीच्या जुन्या स्वेटरशी ताडून पाहतेस. तो स्वेटर वीस हिवाळे धुतला गेला आहे. धुतलं की लोकर फुलते, सैल टाक्यातला धागा शेजारच्या घट्ट टाक्यात सरकतो आणि वीण सारखी होत जाते. मला त्या अर्ध्या स्वेटरने हेही दाखवलं. आजीची पाठीची वीणसुद्धा सगळीकडे सारखी नव्हती. एका ठिकाणी चार-पाच ओळी स्पष्ट सैल होत्या. धुतलेल्या स्वेटरांत मला ते कधी दिसलंच नव्हतं. तुझा एखादा मफलर कोमट पाण्यात भिजव, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब, पिळू नकोस, सपाट पसरून सावलीत वाळव आणि मग आजीच्या स्वेटरशेजारी ठेवून पाहा. फक्त लोकर अॅक्रिलिकची असेल तर इस्त्री फिरवू नकोस. उष्णतेने तो धागा कायमचा मरगळतो.

आता आजी. तिचं वाक्य तुला टोचलं हे पत्रात जाणवतं. पण तिच्या जागी बसून बघ. हात थरथरतात, सुया सुटल्या, आणि जी एक गोष्ट तिने तुला दिली ती दुरुस्त करायला तू फोन हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिलीस. तिला माया कमी नाही. तिला वाटलं, आपलं काम संपलं.

तर तिच्याकडे फोन नेऊ नकोस, तिचाच एखादा स्वेटर घेऊन जा. "हे बरोबर आहे का?" असं विचारू नकोस. "इथे तू काय केलं होतंस?" असं विचार. गळ्याच्या कडेचे टाके कसे उचललेस, बाहीचा उतार कसा धरलास, बटणपट्टी वेगळी विणून जोडलीस की सोबतच घेतलीस. कंप हाताला आहे, बोटांच्या स्पर्शाला नाही. उलट टाक्याची गाठ आणि सुलट टाक्याची सपाटी तिच्या बोटांना अजून अंधारातसुद्धा कळेल. ती बोलेल, तू वहीत लिही. माझ्या आजीचं मी काही लिहून घेतलं नाही, आणि तीन आठवडे एक बाही चाचपत बसले. तुझी आजी समोर बसली आहे, बोलते आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास तिच्याजवळ बस, बाकी सगळं थांबू शकतं.

स्वेटर मात्र घ्यायचाच, आणि पुढून उघडा, बटणांचा घ्यायचा. नागपूरची थंडी सकाळ-संध्याकाळची असते. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. तशा पहाटे म्हाताऱ्या माणसाला ऊब हवीच. पण डिसेंबरातसुद्धा दुपारी अंगणात उन्हात संत्री सोलत बसलं की तोच स्वेटर नकोसा होतो. दिवसातून दोनदा चढवायचा-उतरवायचा कपडा डोक्यातून घालायचा नसावा, ८३ वर्षांच्या खांद्यांना तर नाहीच. बटणं मोठी लाव, थरथरत्या बोटांना लागतील अशी.

लोकर आणायला बर्डीला किंवा इतवारीत जाशील तेव्हा जमलं तर आजीला सोबत ने, ऑटोने का होईना. नसेल जमत तर दोन-तीन रंगांचे तुकडे आणून तिला निवडू दे. रंग फिका असू दे. काळ्या, गर्द निळ्या लोकरीवर टाके तुलाही दिसत नाहीत आणि तिला तर अजिबातच दिसणार नाहीत. गुंडा गळ्याला लावून पाहा. टोचला तर घेऊ नकोस, वयाबरोबर कातडी पातळ होते. कुणी सुती धागा सुचवेल, आपला कापसाचाच मुलूख आहे. पण सुताला लवचीकपणा नसतो. बॉर्डर चार दिवसांत सैल होते आणि स्वेटर स्वतःच्या वजनाने लांब होत जातो. पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला मध्यम जाडीची साधारण ५०० ग्रॅम लोकर धर, एक गुंडा जास्तीचा घे, आणि सगळ्या गुंड्यांच्या पट्टीवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच पाहा. दोन लॉटमधला फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, उन्हात दिसतो.

मग लगेच स्वेटर सुरू करू नकोस. ४ मिलिमीटरच्या सुईवर चांगला पंधरा सेंटीमीटरचा चौकोन विण, धू, वाळव आणि मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोज. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळ्याजणी टाळतात आणि मग रडतात. समज, तुला घेराला १०० सेंटीमीटर हवेत आणि १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसतील असं धरून तू २२० टाके घातलेस. प्रत्यक्षात तुझ्या हाताने २०च बसत असतील तर तेच टाके ११० सेंटीमीटर भरतील. चौकोनात फक्त दोन टाक्यांचा फरक होता, आणि आजीच्या अंगावर स्वेटर चार बोटं ढगळ झाला. आजी हा चौकोन विणत नसेल, कारण तिला तिचा हात चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. तुझा हात तर आत्ताच बदलतो आहे.

तो चौकोन आजीला दाखव. हवं तर तिने त्याचा एकेक टाका पाहू दे. तुझी भीती पुऱ्या स्वेटरची आहे ना, मग तिची नजर आधीच, चौकोनावरच पडून जाऊ दे. काही म्हणाली तर बदलायला तेव्हा काहीच लागत नाही.

असा स्वेटर म्हणजे बाह्या धरून साधारण पन्नास हजार टाके. मिनिटाला वीस टाके धरले तर चाळीसेक तास. रोज तासभर बसलीस तर दीड महिना. पोळा आत्ताच झाला आहे, दिवाळीची धावपळ वजा केली तरी डिसेंबरच्या आत तो आजीच्या अंगावर असतो. उन्हाळ्यात कूलरसमोर बसूनही हाताच्या घामाला लोकर चिकटते, तसलं काही आता नाही. हे दिवस विणायचेच आहेत.

आणि पाठीचे टाके घालायच्या दिवशी सुया आधी आजीच्या हातात दे. पहिले दहा-बारा टाके तिला घालू दे, मग पुढचे तू घाल. तिचे टाके कमी-जास्त पडतील, एखादा फारच सैल पडेल. ते उसवू नकोस, त्यांच्यावरूनच पहिली ओळ विण.